छापील माफी

नलिनी धुरीच्या लिखाणाला खोडी होत्या आणि त्या तिला पुरेपूर ठाऊक होत्या. एका नामाला तीन विशेषणं लावायची. वाक्य सुरू झालं की 'आणि' 'आणि' करत ते अर्ध्या पानापर्यंत ओढायचं. दर चार पानांनी कुणाच्या तरी डोळ्यांच्या कडा पाणावायच्या. पण या सगळ्या खोडी परवडल्या. खरी वाईट खोड शेवटची. तिच्या गोष्टीतला दुष्ट माणूस कितीही दुष्ट असो, शेवटच्या परिच्छेदात तो हात जोडून रडायचा आणि ज्याचं वाटोळं झालं तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "जाऊ दे. झालं गेलं विसरून जा."

जोगेश्वरीला गुंफेच्या वाटेवर त्यांची चाळ. नवरा अंबादास गिरणीत होता. संप झाला, गिरणी गेली, मग तो अंधेरीच्या एम.आय.डी.सी.त प्लास्टिकच्या कारखान्यात लागला. तिथेच दोन गल्ल्या सोडून एका औषध कंपनीत नलिनी बाटल्यांना लेबलं लावायची. दुपारी घरी आली की स्टोव्हवर डाळ चढवून पाटावर कागद ठेवायची आणि लिहायची. बायकांच्या एका मासिकात तिच्या पाच-सहा गोष्टी छापून आल्या होत्या. मासिकाच्या संपादकबाई तिला कौतुकाने बोलावून चहा द्यायच्या आणि दर वेळी तेच सांगायच्या, "नलिनीताई, तुम्ही माणसं छान पकडता. पण शेवटी सोडून का देता हो?" नलिनी हसायची. तोवर तिला कुणाला धरून ठेवायची गरजच पडली नव्हती.

ती गरज राजारामने पाडली.

राजाराम धुरी म्हणजे अंबादासचा चुलतभाऊ, वयाने थोर, त्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहणारा. चाळीच्या मंडळाचा अध्यक्ष तोच, आणि सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाच्या पूजेनंतर जे नाटक व्हायचं त्याचा दिग्दर्शकही तोच. दिसायला रुबाबदार, आवाज भारदस्त. पाठांतराच्या नावाने मात्र शंख. आयुष्यात त्याने एकही भूमिका पाठ केली नाही. पडद्याआडून प्रॉम्प्टर जे कुजबुजेल ते याच्या कानात शिरायचं आणि मध्ये कुठेही न थांबता तोंडातून गडगडत बाहेर पडायचं. यालाच तो अभिनय म्हणायचा, आणि त्याची छाती बघून चाळही म्हणायची.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीतली गोष्ट. नाटक उद्यावर आलं होतं. मुख्य काम अंबादासचं, तो नसला तर नाटकच पडणार. आणि त्याच दिवशी सकाळी गावाहून नलिनीच्या माहेरच्या वाडीतला बाळा आला. तार करायला कुणी कुडाळला पळण्यापेक्षा, बाळा रात्रीच्या एस.टी.ने मुंबईला निघालाच होता, म्हणून भावाने त्याच्याकडे निरोप दिला होता. आई रुक्मिणीबाई अंथरुणाला खिळली होती, नलूचं नाव घेत होती. असशील तशी नीघ. नलिनी कामावर होती, खोलीला कुलूप. बाळाला जिन्यात भेटला राजाराम. बाळाने निरोप त्याच्याकडे दिला आणि वर गळ्याची शपथ घातली. राजाराम म्हणाला, "तू जा रे. ती इली की सांगतंय."

ती आली. संध्याकाळी राजाराम तिच्या खोलीत येऊन बसलाही. तिने चहा दिला, तो त्याने बशीत ओतून आरामात प्यायला. मग म्हणाला, "गो नलिनी, कमल नाटकात म्हातारी आवस करता, तिका नेसाक जुन्या पद्धतीचा लुगडा नाय. तुझ्याकडे तुझ्या आवशीचा एक आसा ना?" होतं. आईने बाळंतपणात अंगावर घालायला दिलेलं, मऊ झालेलं जांभळं लुगडं. नलिनीने ते ट्रंकेतून काढलं, झटकलं आणि त्याच्या हातात दिलं. राजारामने ते काखोटीला मारलं आणि गेला. निरोप पोटात तसाच.

दुसऱ्या दिवशी नाटक झालं. तिसऱ्या अंकात चाळीतली कमल ते जांभळं लुगडं नेसून खाटेवर मेली आणि बायकांत बसलेली नलिनी पदर तोंडाला लावून रडली. खोटी आई मरताना ती रडत होती त्याच संध्याकाळी तिकडे खरी गेली. सत्तावीसला सकाळी राजारामने निरोप सांगितला. "गडबडीत विसरलंय गो," म्हणाला. नलिनी गावी पोचली तेव्हा मळ्यातली राख थंड झाली होती. आईच्या तोंडात शेवटचं पाणी शेजारणीने घातलं होतं. बाराव्याला बाळा तिच्या पाया पडून म्हणाला, "मी शपथ घालून सांगलेलंय गो. विसराचा होता, तर माका थांबूक सांगूचा होता."

चाळीत परत आल्यावर तिने निरोपाचं सगळ्यांना सांगितलं, लुगड्याचं तेवढं तिच्या तोंडातून निघालं नाही. लोक हळहळले. पण राजाराम पडला अध्यक्ष. पोरांना शाळेत चिकटवायचं तर राजाराम, नळाच्या तक्रारीला वॉर्डात जायचं तर राजाराम. "माणूस आहे, गडबडीत विसरला असेल," लोक म्हणाले. अंबादासही म्हणाला, "जाऊ दे ना आता. आई काय परत येणार आहे?" नवऱ्याचं हे वाक्य नलिनीला राजारामने दाबलेल्या निरोपापेक्षा जास्त लागलं. कारण ते वाक्य तिचंच होतं, तिच्याच गोष्टींतलं.

मग तिने ठरवलं, याला गोष्टीत घालायचा. तिच्याकडे दुसरं हत्यार होतं काय? तिने दात-ओठ खात लिहायला घेतलं. निरोप दाबून ठेवणारा एक माणूस. आधी त्याला हॉटेलवाला केला, मग तलाठी. त्याला अर्धांग झालं, बायको सोडून गेली, अंधेरीच्या नाक्यावर तो बसखाली येता येता वाचला. लिहिताना नलिनीचे कान गरम व्हायचे. इतका गोड राग तिला जन्मात आला नव्हता. आणि शेवटचा परिच्छेद आला की काय व्हायचं देव जाणे, पेन आपणहून उतरणीला लागायचं. वळणाचं पाणी वळणावर. तो माणूस हात जोडायचा, त्याच्या डोळ्यांच्या कडा पाणावायच्या, आणि मेलेल्या आईची लेक त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. नलिनी ते खोडायची, दुसऱ्या दिवशी परत लिहायची, परत तेच व्हायचं. जित्याची खोड. शेवटी कंटाळून, रडून, तिने ती तशीच धाडली आणि मासिकाने ती छापली.

अंबादासने अभिमानाने ते मासिक चाळभर दाखवलं. ते राजारामच्या हाती पडलं. रविवारची सकाळ, गॅलरीत माणसं दात घासत, पेपर वाचत उभी. राजारामने मध्यभागी उभं राहून शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. आवाज बायकी काढून, 'कडा पाणावल्या'ला खोटा हुंदका देऊन. पोरं हसली, मग मोठीही हसली. वाचून झाल्यावर त्याने मासिक बंद केलं, डोक्याला लावलं आणि म्हणाला, "बघा रे! छापील माफी! आता कोणी माझा नाव काढूचा नाय. बाईनं सोता लिहून दिलान हा."

नलिनी नळावर होती. कळशी भरून वाहत होती आणि तिला हलता येत नव्हतं. आईची शेवटची भेट हिरावणाऱ्या माणसाला तिनेच सोडवलं होतं, आणि तेही छापून. त्या दिवसापासून चाळीतली पोरं तिला 'पाणावल्या' म्हणू लागली. तिने गोष्टी लिहिणं बंद केलं. डूख मात्र धरून ठेवला. कांदा चिरताना, लेबलं चिकटवताना, जिन्यात राजारामचा भारदस्त आवाज ऐकताना ती तो रोज थोडा थोडा पाजळत राहिली.

तीन वर्षं गेली. सत्त्याऐंशीचा जानेवारी आला आणि चाळीवर एक वेगळीच पंचाईत आली. दर साली पूजा झाली की नाटकाच्या आधी देवाला गाऱ्हाणं घातलं जायचं. नारळ हातात धरून एकाने देवाला चाळीचं सुखदुःख सांगायचं आणि प्रत्येक वाक्यामागे सगळ्यांनी एका तोंडाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे काम म्हाताऱ्या धाकू घाडीचं. गावी त्यांच्या घराण्याकडे तो मानच होता. पण त्या वर्षी दम्याने धाकूचा आवाज पार बसला. राजाराम लगेच पुढे झाला. गाऱ्हाणं मी घालणार. एवढा मान आयता चालून आला तर तो सोडतो कसला!

पण घालणार काय? गाऱ्हाणं त्याला येत होतं कुठे? जन्मभर 'व्हय म्हाराजा' म्हणण्यापलीकडे त्याची मजल नव्हती. कागद हातात धरून वाचलं तर चाळ हसेल. मग त्याने त्याचा नेहमीचा तोडगा काढला. एका संध्याकाळी तो नलिनीच्या दारात येऊन उभा राहिला. तो दिवस तिला पुढे कायम आठवत राहिला.

"गो नलिनी, धाकूकडसून गाऱ्हाणा लिहून घी. तू लेखिका ना आमची! आणि त्या दिवशी पडद्याआड उभी रव आणि माका एकेक वाक्य देत जा. प्रॉम्प्टर आमचा नाटकाच्या गडबडीत असणार." मग हसून पुढे म्हणाला, "शेवटी माफी असतेच गाऱ्हाण्यात. तुझ्या हातचाच काम!"

"लिहिते, भाऊजी," नलिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती धाकूच्या खाटेशी जाऊन बसली. म्हातारा घरघरत एकेक ओळ सांगत होता. नलिनीने दोन ओळी लिहिल्या आणि सवयीने तिसरी लांबवली. देव कसा दयाळू, कसा कनवाळू, कसा करुणासागर. तिने ती वाचून दाखवली तसा धाकूने हात हलवला.

"लांबवू नको गो. लोकांका व्हय म्हणूक जागा व्हयी. आणि देवाक देवाचा गुणगान सांगतंस कशाक? त्येका म्हायत आसा. आपला काय झाला ता सांग आणि गप रव."

नलिनीने ती ओळ खोडली. मग विचारलं, "आणि अर्ध्यात कुणी थांबला तर?"

"अर्ध्यात?" धाकूने कानाला हात लावला. "मोडलेला गाऱ्हाणा मोडणाऱ्याच्या डोक्यार बसता. आमच्या वाडीत कोण थांबलो नाय अजून."

घरी येऊन तिने गाऱ्हाणं नीट उतरवलं. शेवटची ओळ धाकूने सांगितली तशी लिहिली: लेकरांचा काय चुकला माकला असात ता पदरात घे आणि माफ कर म्हाराजा. लिहिताना तिला जाणवलं की साऱ्या कागदात ही एकच ओळ तिच्या हातून न अडखळता, सुरेख वळणदार उतरली. तिला स्वतःची चीड आली. राजारामने कागद वरवर चाळला, शेवटची ओळ बोटाने ठोकली आणि म्हणाला, "झकास! माफी आसा म्हणजे झाला. तुझी खोड काय जायची नाय."

सव्वीस जानेवारीला उन्हं उतरल्यावर पूजा आटोपली. मंडपात चाळ खच्चून भरली. रंगमंचावर देवाचा पाट, त्यामागे नाटकाचा निळा पडदा, आणि पडद्याला चिकटून आत नलिनी कागद घेऊन उभी. शेजारी तोंडाला रंग फासलेला अंबादास. बाहेर राजाराम, पांढरंशुभ्र धोतर, हातात नारळ. पुढच्याच खुर्चीत शाल गुंडाळून धाकू घाडी आणि त्याच्या मागे बायकांत कमल.

"बा देवा म्हाराजा!" नलिनी कुजबुजली.

"बा देवा म्हाराजा!" राजाराम गरजला.

"व्हय म्हाराजा!" चाळ म्हणाली.

"आज ह्या चाळीतली सगळी लेकरा तुझ्या पायाकडे गोळा झाली हत."

"व्हय म्हाराजा!"

"ज्येंच्या गिरण्यो गेल्यो, त्येंच्या हाताक काम दी."

"व्हय म्हाराजा!"

"वरच्या मजल्यार नळाक पाणी चढांदे."

हशा झाला आणि हशातच मोठ्याने "व्हय म्हाराजा!" राजारामला रंग चढला. कानात पडेल ते तोंडातून गडगडत होतं, मध्ये अडकायला डोक्यात काही नव्हतंच. नलिनीने त्याचा हा वेग ओळखला. तीन वर्षं ती याच क्षणाची वाट बघत होती, आणि कुठल्या वेशात तो येईल हे तिला धाकूच्या खाटेशी बसेपर्यंत माहीत नव्हतं. तिने कागद दुमडला आणि पदराला खोचला. पुढचं कागदावर नव्हतं.

"ह्या चाळीत ज्येना कोणी मरणाचो निरोप पोटात ठेवलो असात..." ती कुजबुजली.

"ह्या चाळीत ज्येना कोणी मरणाचो निरोप पोटात ठेवलो असात..."

"व्हय म्हाराजा!" लोकांनी सवयीने म्हटलं. मग काही माना वळल्या. राजारामची पाठ ताठ झालेली नलिनीला पडद्याच्या फटीतून दिसली. त्याला अजून पुरतं कळलं नव्हतं. तिने त्याला वेळ दिला नाही.

"समोर बसान चाय पिली, आणि तोंडातसून शब्द काढलो नाय..."

"समोर बसान चाय पिली..." इथे त्याला कळलं. इकडे आड, तिकडे विहीर. थांबला तर मोडलेलं गाऱ्हाणं डोक्यावर, आणि साऱ्या चाळीसमोर तो माणूस मीच हे स्वतःच्या तोंडाने सांगितल्यासारखं. समोर धाकू डोळे रोखून बसलेला. "...आणि तोंडातसून शब्द काढलो नाय," राजाराम पुटपुटला.

"व्हय म्हाराजा." या वेळी चाळीचा आवाज खाली आला होता.

"मरणाऱ्याचाच लुगडा नाटकाक मागून नेला..."

त्याने ते म्हटलं. बायकांतून कमलचा हुंदका आला. तिला हे आत्ता कळत होतं, तीन वर्षांनी, की आपण अंगावर काय नेसून मेलो होतो. 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत आता तिचा आवाज सगळ्यात चढा होता.

अंबादासने रंगवलेल्या तोंडाने बायकोकडे पाहिलं. तिला थांबवायचं तर तो थांबवू शकत होता, हात लांबवायचाच काय तो अवकाश. नलिनीने त्याच्याकडे बघितलंच नाही.

"त्येच्या पोटात तो निरोप जल्मभर र‍वांदे."

राजारामने म्हटलं. आणि बाहेरच्यांच्या आधी पडद्याआडून अंबादास गरजला, "व्हय म्हाराजा!"

"आणि त्येच्या सोताच्या वक्ताक, त्येचो निरोप त्येच्या माणसांका वेळार पोचां नको."

हे वाक्य कानात पडताच राजारामने नारळ छातीशी घट्ट धरला. पण त्याने ते म्हटलं, शेवटच्या शब्दापर्यंत, स्वतःच्या भारदस्त आवाजात, स्वतःवर. आणि ज्या चाळीने तीन वर्षं 'विसरला असेल' म्हटलं होतं, तीच चाळ हात जोडून म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

आता एकच ओळ उरली होती. लेकरांचा काय चुकला माकला. ती दिली की गाऱ्हाणं पुरं, देव खूश, राजाराम सुटला. नलिनीच्या ओठांवर ती आलीही. इतकी वर्षं तिच्या प्रत्येक गोष्टीच्या टोकाला हीच ओळ वेगवेगळे कपडे घालून येऊन उभी राहिली होती, आणि दर वेळी नलिनीने तिला आत घेतलं होतं. तिने खालचा ओठ दातांत धरला.

बाहेर राजाराम वाट बघत होता. त्याने मान किंचित पडद्याकडे झुकवली. मग नटांची जुनी खूण, टाच दोनदा फळीवर आपटली. नलिनी गप्प. "शेवटचा दी गो," तो दातांतून म्हणाला. नलिनी गप्प. दरवर्षी ऐकलेली ओळ, पण त्या घटकेला त्याला तिचा एक शब्द आठवेना. लोक खोळंबून त्याच्या तोंडाकडे बघत होते. धाकू घाडी खुर्चीत पुढे सरकला. राजारामच्या कपाळावरचा घाम नाकावरून नारळावर पडला. मग ज्या तोंडातून आजवर दुसऱ्याचंच वाक्य बाहेर पडलं होतं, त्या तोंडातून त्याचं स्वतःचं पहिलं वाक्य आलं.

"माझा... माझा चुकला, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" चाळ म्हणाली.

धाकूने उठून त्याच्या हातातला नारळ घेतला आणि फोडला. मंडपात गलका सुरू झाला, नाटकाची पहिली घंटा झाली. राजाराम पडदा बाजूला करून आत आला. तो नलिनीसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने खरोखरच हात जोडले. आणि काय सांगावं, त्याच्या डोळ्यांच्या कडा पाणावल्या होत्या. नलिनीने नीट बघितलं. तिने लिहिल्या होत्या अगदी तशाच. पुढचं वाक्यही तिला तोंडपाठ होतं, खांद्यावर हात कुठे ठेवायचा तेही.

"गो नलिनी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "शेवटचा वाक्य का दिलंस नाय?"

तिने पदराला खोचलेला कागद काढला, उलगडला, ती सुरेख वळणदार ओळ त्याला दिसेल अशी धरली आणि परत घडी घातली.

"गडबडीत विसरले, भाऊजी."